पंचावन्न इंच म्हणजे नेमकं किती?

मुलांनो,

दिवाळीचा पाडवा जवळ आला, नाहीतर क्रिकेटचा विश्वचषक आला, की पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. "आता मोठा टीव्ही घ्यायचा!" बाबा म्हणतात, त्रेचाळीस इंची पुरे. दादा म्हणतो, पंचावन्नशिवाय मजा नाही. आजी म्हणते, मला माझी मालिका दिसली म्हणजे झालं. आणि शेजारच्यांनी पासष्ट इंची आणलेला असतो, ते वेगळंच! त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मग काय, चर्चेला आणखीच जोर!

या सगळ्या चर्चेत तुम्हाला मात्र कोणी फारसं विचारत नाही. पण खरं सांगू का? टीव्ही निवडण्याचं निम्मं काम तुमच्यासारख्यांनीच करण्याजोगं आहे. कारण ते दुकानात होतच नाही, घरात होतं. आणि त्याला लागतं काय? शिवणाच्या डब्यातली टेप, थोडी जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी आणि एक आरसा. बस्स!

आधी थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

टीव्ही "पंचावन्न इंची" म्हणतात तेव्हा त्याची रुंदी पंचावन्न इंच नसते, उंचीही नसते. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे पडद्याच्या कर्णावर टेप धरली की पंचावन्न इंच भरतात. सातवीच्या पुढे असाल तर पायथागोरसची आठवण झाली असेल. जुन्या खोक्याच्या टीव्हीत रुंदी आणि उंची यांचं प्रमाण ४ : ३ असायचं. म्हणजे २० इंची टीव्ही १६ इंच रुंद आणि १२ इंच उंच. (काचेचा थोडा भाग चौकटीखाली झाकला जायचा, तो आपण सोडून देऊ.) आताच्या सपाट टीव्हीचं प्रमाण १६ : ९ आहे. कर्णाला ०.८७ ने गुणलं की रुंदी मिळते, ०.४९ ने गुणलं की उंची. करून बघा. पंचावन्न इंचीची रुंदी निघेल जवळजवळ ४८ इंच आणि उंची २७ इंच. म्हणजे चार फूट लांब आणि सव्वादोन फूट उंच!

आता क्षेत्रफळ काढा. जुन्या २० इंचीचं १६ × १२ = १९२ चौरस इंच. नव्या ५५ इंचीचं ४८ × २७ = १२९६ चौरस इंच. इंच वाढले पावणेतीन पट, पण पडदा झाला पावणेसात पट! आकडा वाचून हे लक्षात येत नाही. त्रेचाळीस आणि पंचावन्न यांच्यात बारा इंचांचाच तर फरक, असं वाटतं. प्रत्यक्षात पडदा दीडपटीहून जास्त वाढतो.

म्हणून आकड्यावर विसंबायचं नाही. कागदाचा टीव्ही करायचा!

वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून मोठा कागद तयार करा आणि त्यातून ४८ × २७ इंचांचा आयत कापा. त्रेचाळीस इंचीचा विचार चालू असेल तर साडेसदतीस × एकवीस, पासष्टचा असेल तर साडेछप्पन × बत्तीस. ज्या भिंतीवर टीव्ही यायचा आहे तिथे तो लावा. रंगाऱ्यांकडे मिळते ती कागदी चिकटपट्टी वापरा, नाहीतर भिंतीचा रंग निघेल आणि आई रागावेल. आणि तिचं रागावणं अगदी रास्त असेल!

हा कागदी टीव्ही दोन दिवस भिंतीवर राहू द्या आणि फक्त बघत राहा. कपाटाचं दार उघडलं की ते टीव्हीवर आपटतंय का? कॅलेंडर कुठे जाणार? विजेचं बटण कागदाखाली झाकलं गेलं का? मग आरसा घ्या, कागदाच्या मधोमध सपाट धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी नेहमीच्या जागी बसून त्यात बघायला सांगा. एकदा सकाळी दहाला, एकदा दुपारी चारला. आरशात खिडकी दिसली तर उद्या टीव्हीतही खिडकीच दिसणार! पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळची मालिका बघताना आजीला पडद्यावर सूर्यनारायणाचंच दर्शन घडेल. मग जाड पडदा लावायचा की टीव्हीची भिंत बदलायची, हे पैसे देण्याआधीच ठरवता येतं.

आता अंतर. टीव्हीच्या इंचांना १.६ ने गुणा. जे उत्तर येईल तितके इंच दूर आपले डोळे असावेत. पंचावन्नसाठी ८८ इंच, म्हणजे सात फूट चार इंच. त्रेचाळीससाठी पावणेसहा फूट. पासष्टसाठी पावणेनऊ फुटांच्या आसपास. तितक्या अंतरावरून पडदा आपल्या नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापतो. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन ३० अंश काढून बघा, म्हणजे कल्पना येईल. ही काही दगडावरची रेघ नाही. थोडं मागे बसलात तर काहीच बिघडत नाही. फार पुढे बसलात तर मात्र धावसंख्या वाचायला मान एका बाजूला आणि चेंडू बघायला दुसऱ्या बाजूला!

पण अंतर मोजायचं कुठून? इथे मोठी माणसं हटकून चुकतात. ती सोफ्यापासून मोजतात. खोली दहा फुटांची असेल तर भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलेल्या बाबांचे डोळे पडद्यापासून आठ फुटांवर येतात. पंचावन्न इंची अगदी बरोबर बसला! पण आपल्या घरात सगळे सोफ्यावर बसतात का? तुम्ही बसता खाली सतरंजीवर, पुढे सरकत सरकत, ताट मांडीवर घेऊन. तुमचे डोळे असतात चार फुटांवर. ४८ इंच भागिले १.६ म्हणजे ३०. तुमच्या त्या जागेवरून बत्तीस इंचीसुद्धा जरा मोठाच आहे! तेव्हा एकतर सतरंजी मागे न्यायची, नाहीतर टीव्ही लहान घ्यायचा. घरातला प्रत्येकजण खरोखर कुठे बसतो ते मोजून कागदावर लिहा आणि तो कागद दुकानात न्या.

दुकानात काय होतं ते सांगते. एका भिंतीवर वीस टीव्ही झगमगत असतात. सगळ्यांवर पोपट, फुलं, धबधबे, रंगीबेरंगी मासे! घरी कोणी दिवसभर पोपट बघत बसतं का? ती चित्रं मुद्दाम टीव्ही खुलून दिसावा म्हणूनच तयार केलेली असतात. आपल्या घरी येणारं चित्र वेगळं.

हे नीट समजून घ्या. 'फोर के' टीव्हीच्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. गुणाकार केला तर ८२,९४,४०० ठिपके. केबलवर किंवा डीडी फ्री डिशवर ज्या साध्या वाहिन्या येतात, ज्यांना एसडी म्हणतात, त्यांच्या चित्रात ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. भागाकार करा. बरोबर वीस! म्हणजे वाहिनी एक ठिपका पाठवते आणि टीव्हीला वीस भरायचे असतात. आजीने ठिपक्यांच्या रांगोळीतला एकच ठिपका द्यावा आणि उरलेले एकोणीस तुम्ही अंदाजाने काढावेत, तसं झालं हे. टीव्ही हुशार असतो, अंदाज बरे बांधतो. पण पडदा जितका मोठा आणि आपण जितके जवळ, तितका तो अंदाज उघडा पडतो. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा मेणाचा दिसतो.

म्हणून दुकानात विचारायचं, "काका, यावर आमच्या घरी दिसते ती वाहिनी लावून दाखवता का?" लाजायचं नाही. घरी बहुतेक साध्याच वाहिन्या बघत असाल तर माझं मत त्रेचाळीसला आहे, उरलेले पैसे वाचले. इंटरनेटवरून चित्रपट किंवा एचडी वाहिन्या बघत असाल तर मोठा पडदा खुशाल घ्या. जाता जाता टीव्हीसमोरून थोडं बाजूला सरकूनही बघा. काही पडद्यांचे रंग बाजूने फिके पडतात, आणि घरातलं धाकटं नेहमी कोपऱ्यातच बसतं! डोळे मिटून आवाजही ऐका. सपाट टीव्हीत स्पीकरला जागाच कमी. तो बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतो, त्यामुळे गाणी मोठी ऐकू येतात आणि बोलणं पुसट.

तिथे तुम्हाला एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी नावं ऐकू येतील. एलईडी आणि क्यूएलईडी हे दोन्ही मुळात द्रव-स्फटिकांचेच पडदे. मागे दिवे आणि पुढे त्यांचा उजेड कमीजास्त अडवणारा द्रव-स्फटिकांचा थर. गंमत म्हणजे या द्रव-स्फटिकांचा शोध कोणा टीव्हीवाल्याने लावला नाही. १८८८ मध्ये फ्रीडरिख राइनित्झर नावाचे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करत होते. त्यापासून केलेला एक पदार्थ आधी वितळून गढूळ व्हायचा आणि आणखी तापवला की मगच स्वच्छ. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! मधल्या अवस्थेत तो धड द्रवही नव्हता आणि धड स्फटिकही नव्हता. आज आपण मालिका बघतो त्या त्याच अवस्थेतल्या पदार्थांमधून. ओएलईडीत मात्र मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. म्हणून त्यातला काळा रंग खरोखर काळा दिसतो. तो महाग असतो, आणि दिवसभर उजेड असलेल्या आपल्या खोल्यांत त्याचा तेवढा उपयोग होतोच असं नाही.

विजेचं मात्र विसरू नका. डब्यावर किंवा पडद्यावर तारे असलेलं लेबल शोधा. समजा टीव्ही १०० वॅटचा आहे आणि रोज पाच तास चालतो. मग दिवसाला अर्धं युनिट आणि महिन्याला पंधरा युनिटं. तुमच्या घरच्या बिलावर युनिटचा दर असतो, त्याने गुणून बाबांना सांगा.

टीव्ही घरी आला! आता सर्वांत महत्त्वाचं. हा भाग आई-बाबांनाही वाचून दाखवा.

टीव्ही किती उंचावर लावायचा? बसवायला येणारे दादा उभे राहून भोकं पाडतात, त्यामुळे पुष्कळदा टीव्ही उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो. बघायचं मात्र बसून असतं! सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, मांडी घालून खाली बसलेल्याचे अडीच फुटांच्या आसपास. पडद्याचा मध्य त्याच सुमाराला हवा. पंचावन्न इंचीचा मध्य साडेतीन फुटांवर धरला तर त्याची खालची कड जमिनीपासून जेमतेम २८ इंचांवर येते. तुमच्या कागदी टीव्हीवर हे आधीच बघून ठेवा, आणि बसवणाऱ्या दादांना पेन्सिलीची खूण दाखवा.

पण २८ इंच म्हणजे धाकट्या भावंडाच्या अगदी हाताशी. आणि इथे खरा धोका आहे.

एक प्रयोग करा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक टेबलावर उभं ठेवा. एका बोटाने त्याला खालच्या बाजूला ढकला. ते नुसतं सरकेल. आता तेच बोट वरच्या कडेला लावा. धप्पकन पडेल! भिंतीला न अडकवता नुसत्या पायांवर उभा केलेला सपाट टीव्ही असाच असतो. समजा तो १५ किलोचा आहे, ७० सेंटिमीटर उंच आहे आणि त्याच्या पायांची टोकं मध्यापासून १२ सेंटिमीटर पुढे आलेली आहेत. १५ × १२ = १८०. त्याला ७० ने भागा. उत्तर अडीचच्या थोडं वर. म्हणजे वरची कड पुढे ओढायला जेमतेम अडीच-तीन किलोच्या वजनाइतका जोर पुरतो! दोन वर्षांचं मूल बारा किलोच्या आसपास असतं. ते कडेला लोंबकळलं तर पंधरा किलोचा टीव्ही त्याच्याच अंगावर येणार. आणि तो येतो तो डोक्यावर.

मुलं टीव्ही ओढत नाहीत हो, ती चढतात. खालच्या कपाटाचे खण पायऱ्यांसारखे उघडतात आणि वर ठेवलेला रिमोट किंवा खेळणं घ्यायला जातात. तेव्हा टीव्हीच्या वर किंवा मागे रिमोट, खेळणी, खाऊ काहीच ठेवायचं नाही. हे काम तुमचं. घरात लहान मूल असेल तर टीव्ही भिंतीत पक्का केलेलाच बरा, कमी उंचीवर असला तरी. पायांवरच ठेवायचा झाला तर कपाट त्याच्याहून रुंद आणि जड हवं, टीव्ही कडेपासून मागे हवा. टीव्हीच्या पाठीवर स्टँडसाठी चार भोकं असतात. त्यातल्या वरच्या दोन भोकांत पट्टा अडकवून तो भिंतीतल्या हुकाला बांधायचा. बाजारात असे पट्टे तयार मिळतात. आणि जुना खोक्याचा टीव्ही अजून माळ्यावर किंवा आतल्या खोलीतल्या टेबलावर असेल, तर तो आणखी धोक्याचा. त्याचं सगळं वजन पुढच्या काचेत असतं. तो घरी फोडायचाही नाही, त्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यायचा.

भिंतीचं काय? बोटाच्या पेराने ठोकून ऐका. भरीव आवाज आला तर वीट किंवा काँक्रीट असेल. पोकळ किंवा भुसभुशीत वाटलं तर थांबा. वरचा गिलावा अर्धा-पाऊण इंचाचा असतो, त्यात बसलेला स्क्रू काही धरून ठेवत नाही. स्क्रू आणि त्याच्या आधी घालायची ती प्लास्टिकची नळी, हार्डवेअरच्या दुकानात तिला गिट्टी म्हणतात, आतल्या विटेत पोचली पाहिजे. नव्या इमारतींत हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांना वेगळी, लांब गिट्टी लागते. गावाकडच्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीवर मोठा टीव्ही टांगायचाच नाही, तिथे रुंद कपाट आणि पट्टा. बटणांच्या बरोबर वर-खाली भोक पाडू देऊ नका, भिंतीतली वायर बहुधा तशीच सरळ गेलेली असते. पलीकडे मोरी असेल तर पाण्याचा पाइपही असू शकतो. या गोष्टी बसवणाऱ्या दादांना माहीत नसतात, घरातल्यांना माहीत असतात!

टीव्ही चालू केल्यावर तो पहिल्यांदा विचारेल: घर की दुकान? घर निवडा. नाहीतर तो कायम दुकानातल्यासारखा भगभगत राहील. चित्राच्या प्रकारांत 'व्हिव्हिड' असेल तर तो बदलून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' लावा. पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, चार दिवसांनी डोळ्यांना तेच बरं वाटेल. चित्रपट अगदी गुळगुळीत, नाटकाच्या चित्रीकरणासारखे दिसत असतील तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असते, ती बंद करायची. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं असतात, टीव्ही त्यांच्यामध्ये आपल्या मनाची चित्रं भरत असतो. क्रिकेटला ठेवायची तर ठेवा.

आणि एक. 'श्यामची आई' हा १९५३ चा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कारांतलं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. तो जुन्या, जवळजवळ चौकोनी आकारात काढलेला आहे. टीव्ही तो ताणून सगळा पडदा भरतो आणि बिचारा श्याम आडवा लठ्ठ दिसतो! चित्राच्या आकारात ४ : ३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. "अर्धा टीव्ही फुकट गेला," असं कोणी म्हणालं तर त्यांना श्याम दाखवा.

टीव्ही बऱ्याच ठिकाणी "मान्य आहे" दाबायला सांगतो. ते आई-बाबांनी वाचल्याशिवाय दाबायचं नाही. आपण काय बघतो याची नोंद काही टीव्ही कंपनीकडे पाठवतात. प्रेक्षकांची नीट परवानगी न घेता असं केल्याबद्दल २०१७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले होते. ती सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसतं बटण नाही, प्लगही काढायचा आणि डिशची वायरही. हे मात्र विजा जवळ येण्याआधीच!

तर मग या रविवारी टेप काढा. घरातलं कोण पडद्यापासून किती इंचांवर बसतं, त्याला १.६ ने भागून कोणाला किती इंची टीव्ही योग्य येतो आणि शेवटी घरच्यांचं एकमत किती इंचांवर झालं, ते मला लिहून कळवा. पोस्टकार्डावर सहज मावेल. कागदी टीव्ही कोणत्या भिंतीवर बसला आणि कुठून हलवावा लागला, तेही लिहा.

तुमची,
बाई